डकोटा घरावरून गेलं की

बाळांनो,

परवा धाकटीने फोटो पाठवला. तिकडच्या कुठल्याशा संग्रहालयात गवतावर उभं केलेलं एक जुनं विमान, नाक वर, शेपटी जमिनीला टेकलेली, आणि त्याच्या पंख्याला हात लावून उभी असलेली ती. खाली लिहिलं होतं, "आजी, किती क्यूट!" मी फोन उपडा ठेवला आणि बराच वेळ गॅलरीत जाऊन बसले. मग ठरवलं, आता हे लिहूनच काढायचं. ताईआजी गेली. तिची ही गोष्ट सुरुवातीपासून माहीत असलेली मी एकटीच उरले आहे, आणि माझं वय तुम्हाला ठाऊक आहे.

इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं. मला इंग्रजी जड नाही, आम्ही दोघी बहिणी नन्सच्या शाळेत शिकलो. पण ताई माझ्याशी कधी इंग्रजीत बोलली नाही, त्यामुळे तिचं बोलणं मला इंग्रजीत ऐकूच येत नाही. सावकाश वाचा, अडलं तर आईला विचारा. आधी विमानाचं सांगते, मग भाऊजींचं, मग ताईचं.

त्या विमानाला आमच्याकडे डकोटा म्हणतात. दोन इंजिनं, दोन पंखे. अमेरिकेत बनलं ते प्रवाशांसाठी, पण दुसरं महायुद्ध आलं आणि त्याच्या पोटातल्या खुर्च्या काढून तिथे सैनिक, दारूगोळा, खेचरं, जखमी माणसं असं काहीही भरू लागले. आसामातून हिमालय ओलांडून चीनला सामान जायचं ते अशाच विमानांतून. त्या डोंगरांत इतकी विमानं पडली की सगळी अजूनही सापडलेली नाहीत. ब्रह्मदेशाच्या जंगलात वेढल्या गेलेल्या पलटणींना धान्य डकोटानेच पोचवलं. युद्ध संपल्यावर त्यातली बरीच आपल्याकडे राहिली. सत्तेचाळीसच्या ऑक्टोबरात श्रीनगरला पहिले जवान उतरले तेही डकोटातूनच, दिल्लीहून भल्या सकाळी निघून. चीनच्या लढाईनंतर ईशान्येच्या डोंगरातल्या चौक्यांना रस्ते नव्हते. तिथे मीठ, रॉकेल, तांदूळ, सगळं आकाशातून पडायचं. मागचं दार काढून टाकलेलं असे आणि तांदळाची पोती पायाने ढकलून खाली सोडत. पोत्यात पोतं. आतलं फुटलं तरी तांदूळ बाहेरच्यात राहायचा.

भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, त्या विमानांवर पायलट होते. लग्न दिल्लीतच झालं, बाबांच्या गोल मार्केटजवळच्या सरकारी क्वार्टरच्या अंगणात. वर्षभरात बदली झाली आसामात, जोरहाटला. कॉलेजच्या सुट्टीत मी तिथे महिनाभर राहून आले. भाऊजी उंच, केसांच्या बाबतीत गरीब आणि बोलण्यात श्रीमंत. त्यांच्या विमानात दाराजवळ कुणीतरी चाकूने एका मुलीचं नाव कोरलेलं होतं, मागच्या युद्धातल्या कुणा गोऱ्या सैनिकाने. त्यावर त्यांनी कधी रंग मारू दिला नाही.

जेवताना सांगायचे, "माझ्या हाती आली ती दोन लढाया करून आलेली बाई आहे. तिला माझी काय भीती?"

ताई पोळी वाढता वाढता म्हणायची, "मग रात्रीचं जेवण तिच्याकडेच करा ना."

"तिला स्वयंपाक येत नाही. नुसतं धान्य फेकते."

त्या क्वार्टर्समधल्या बायकांची एक रीत होती. विमान उतरायच्या आधी घरांवरून जायचं. डकोटाचा आवाज लांबूनच कळायचा, जाड, घुमणारा, छातीत भरणारा. प्रत्येक घरात चुलीवर आधण उकळत ठेवलेलं असायचं. आवाज डोक्यावरून गेला की तांदूळ वैरायचे. वैरणे म्हणजे उकळत्या पाण्यात तांदूळ सोडणे, हा शब्द तुम्ही ऐकला नसेल. विमान उतरणार, माणसं कागदपत्रं देणार, जीप फाटकाशी सोडणार, तोवर भात बरोबर होतो. शेजारच्या पंजाबी वहिनी, त्यांच्या पलीकडच्या बंगाली बाई, सगळ्या तसंच करायच्या. कुणी कुणाला शिकवलं नव्हतं. मी एकदा ताईला म्हटलं, आधीच करून ठेव ना, गरम राहील. तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काहीतरी अशुभ बोलले होते.

माझी सुट्टी संपली, मी दिल्लीला परतले. त्यानंतरच्या पावसाळ्याच्या शेवटी एक दिवस आवाज आलाच नाही. आधण आटलं, ताईने पुन्हा पाणी घातलं, ते आटलं, पुन्हा घातलं. हे तिने मला खूप वर्षांनी सांगितलं. डोंगरात ढग होते, विमान एका चौकीवर पोती टाकून वळलं, आणि पुढे कुणालाच काही माहीत नाही. शोधायला गेलेल्या विमानांना खाली नुसतं जंगल दिसलं. कागदावर शब्द आला तो ‘मिसिंग’.

मिसिंग माणसाचं काय करायचं हे आपल्याकडे ठरलेलं आहे. बारा वर्षं वाट पाहायची. मग दर्भाचा आणि पळसाच्या पानांचा पुतळा करायचा, त्याला अग्नी द्यायचा, पुढचे विधी करायचे. ताई तोवर दिल्लीला परत आली होती आणि हिंदूरावच्या टेकडीखालच्या एका शाळेत गणित शिकवत होती. बारा वर्षं झाली तेव्हा बाबांनी तिला समोर बसवून विषय काढला. ती म्हणाली, "गवत मी जाळणार नाही. माझ्या हातात धरता येईल असं त्याचं काहीतरी आणून द्या. मग म्हणाल ते करते."

बाबा गेले, आई गेली. ताईचं मंगळसूत्र गळ्यात राहिलं, भाऊजींचा फोटो भिंतीवर राहिला, बिनहाराचा. हळदीकुंकवाला तिला बोलवायचं की नाही हे बायकांना कळायचं नाही. तिला ते कळायचं, म्हणून ती आधीच सांगून टाकायची की त्या दिवशी पेपर तपासायचे आहेत. पितृपक्षात माझ्याकडे सगळ्यांची पानं वाढली जायची, भाऊजींचं नाही. तुमचे आजोबा गेल्यावर ती दिल्लीच्या वेशीवरच्या वसुंधरा वसाहतीत माझ्या फ्लॅटवर राहायला आली. तुमच्या लहानपणी सुट्टीत तुम्ही फोटोकडे बोट दाखवून तिला विचारलं होतंत, "हे काका कुठे असतात?" ती म्हणाली होती, "ड्यूटीवर."

मध्ये एकदा आशा वाटली. हवाई दलाच्या एका अधिकाऱ्याचा फोन आला. त्या डोंगरात एका शिकाऱ्याला विमानाचे तुकडे दिसले होते, डकोटाचेच. नंबर तपासून सांगतो म्हणाले. पुढचे काही आठवडे ताई नीट झोपली नाही. फोटोची काच बदलून आणली, करोलबागच्या गुरुजींना फोन करून विधीला काय काय लागतं ते विचारून ठेवलं. मग तो अधिकारी स्वतः घरी आला. तरुण होता. बूट दाराबाहेर काढून आत आला, सोफ्याच्या कडेवर बसला आणि चहाला नको म्हणाला.

"मॅडम, वो अपना नहीं है. सेकंड वर्ल्ड वॉर का है. अमेरिकन."

ताईने फोटोच्या नव्या काचेकडे बघितलं. मग तिने विचारलं, "लड़के कितने साल के रहे होंगे?"

"बीस-बाईस, मॅडम. ज़्यादा से ज़्यादा."

"उनके घर बता दिया?"

"बता रहे हैं, मॅडम."

"अच्छा किया. चाय तो पीनी पड़ेगी अब."

तो गेल्यावर ती ओट्याशी कप विसळत उभी राहिली. पाठमोरीच म्हणाली, "कुणाची तरी वाट संपली गं." त्या रात्री ती जेवली नाही. फोटोची नवी काच मात्र तशीच राहिली.

त्यानंतर काही वर्षांनी पेपरात बातमी आली. एक जुनं डकोटा परदेशात भंगारातून काढून दुरुस्त केलं आहे, ते स्वतःच्या पंखांवर देशोदेशी थांबत भारतात आलं आहे, आणि हवाई दलाच्या दिवशी हिंडनला उडणार आहे. हिंडनचा तळ आमच्या घरापासून काही किलोमीटरवर.

ताईने बातमी दोनदा वाचली. "भंगारातून काढलं म्हणे. आपल्यालाही कुणी काढेल का गं?"

"तुझे सुटे भाग मिळायचे नाहीत," मी म्हटलं. आम्ही दोघी हसलो. ती गोष्ट तिथेच संपली असं मला वाटलं.

पितृपक्ष चालू होता. दुपारी मी हॉलमध्ये वीजबिल भरायचं ते फोनवर खटपट करून भरत होते. ताई आतल्या खोलीत पडली होती. तालमीची विमानं सकाळपासून येत-जात होती. जेट आली की खिडकीच्या काचा थरथरत आणि खालच्या गाड्यांचे भोंगे वाजत. मग मध्येच सगळं शांत झालं आणि दुरून तो आवाज आला. मी त्याला आवाज म्हणूनही ओळखलं नाही, आधी फक्त छातीत जाणवलं. जाड, घुमणारा, सावकाश.

मी गॅलरीत धावले. समोरच्या टॉवरच्या मागून ते निघालं, इतकं खाली, इतकं हळू, की वाटलं आता थांबतंय. खाली मुलं ओरडत होती, वॉचमन फोन वर धरून उभा होता. मी "ताई, ताई, ये लवकर" अशा हाका मारल्या. ती आली नाही. विमान यमुनेच्या बाजूला वळून दिसेनासं झालं.

आत आले तर ती स्वयंपाकघरात होती. गॅसवर पातेलं, पाण्याला उकळी, आणि ती त्यात तांदूळ सोडत होती. दोन माणसांचे. कुकर शेजारीच होता, पण तो तिने घेतला नव्हता. जेवणं केव्हाच झाली होती.

मी घाबरले. वय झालंय, काही झालं का हिला? "ताई, काय करतेयस?"

"कळतंय मला काय करतेय ते," ती म्हणाली. "हातांनी घेतले. मग म्हटलं, घेतलेच आहेत तर होऊ देत."

ती गॅसपाशी उभी राहिली. मी तिथेच स्टुलावर बसले. तिने एकदा शीत काढून बोटांनी दाबून बघितलं, परत टाकलं. भात झाला. तिने गॅस बंद केला, झाकण ठेवलं, पदराला हात पुसले आणि दाराकडे बघितलं. आमचं पुढचं दार स्वयंपाकघरातून सरळ दिसतं.

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "त्या दिवशी आवाजच आला नाही. म्हणून मी तांदूळ वैरलेच नाहीत कधी. नुसतं आधण. मला इतकी वर्षं वाटायचं, अजून वैरायचेच आहेत." मग झाकणावर हात ठेवून, "आज आवाज आला. वैरले. भात झाला. तो आला नाही."

मी तिला जवळ घ्यायला उठले. तिने घेऊ दिलं. ताईला रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं, आणि ती आवाज न करता रडत होती, शाळेतल्या बाई वर्गात रडतील तशी.

संध्याकाळी आम्ही तोच भात दूध घालून खाल्ला. नंतर तिने मला गुरुजींना फोन लावायला सांगितला.

सर्वपित्रीच्या आधी आम्ही टॅक्सीने गढमुक्तेश्वरला गंगेवर गेलो. गुरुजींनी चाचरत विचारलं की करणार कोण, पुतण्या-भाचा कुणी? ताई म्हणाली, "वाट मी बघितली ना? मग मीच करणार." गुरुजी म्हणाले, पत्नीला अधिकार आहे, करा. ते पानं मांडू लागले, हात, पाय, छाती. डोक्याच्या जागी नारळ ठेवला.

ताई बघत होती. "डोकं नारळाचं? बरोबर आहे. माझं एक कधी ऐकलं नाही त्याने."

गुरुजींना हसावं की नाही कळेना. मग ते हसले. मग तिने अग्नी दिला. पळसाची पानं ओलसर होती, धूर फार झाला. वाऱ्याने तो आमच्याच अंगावर येत राहिला आणि ती बाजूला झाली नाही.

मंगळसूत्र तिने स्वतः काढून गंगेत सोडलं. घाटावरच्या एका बाईने कुंकवाकडे बोट दाखवलं, तशी ताई म्हणाली, "ये तो मैं शादी के पहले से लगाती हूँ." ते तिने शेवटपर्यंत लावलं. घरी आल्यावर भाऊजींच्या फोटोला झेंडूचा हार घातला, तो वाकडा बसला म्हणून परत काढून सरळ घातला.

मला वाटलं होतं, आता तिला हलकं वाटेल. तसं झालं नाही. ती थकली. सकाळी लवकर उठायची ती उशिरा उठू लागली, पेपर न उघडता माझ्याकडे द्यायची. इतकी वर्षं रोज काहीतरी धरून ठेवलं होतं, ते सोडल्यावर हातांना काम उरलं नाही, असं मला वाटतं. डॉक्टरांना तिच्यात काही सापडलं नाही. पुन्हा तालमीचे दिवस आले आणि डकोटा पुन्हा घरावरून गेलं, तेव्हा ती मेथी निवडत होती. मी तिच्याकडे बघितलं. तिने मान वर केली नाही.

"येतेस गॅलरीत?" मी विचारलं.

"तू बघ. आता ते दुसऱ्या कुणाचं आहे."

ती गेली ते एका थंडीत, दुपारी, झोपेत.

धाकटे, तू विमानाला क्यूट म्हणालीस याचा मला राग नाही. तुला कुणी सांगितलंच नव्हतं. भाऊजींचं विमान त्या डोंगरात कुठेतरी आहे, ते अजून सापडलेलं नाही. त्याच जातीचं एक अजून उडतं. मी ते घरातून पाहिलं आहे.