रोलमधला शेवटचा फोटो

कोल्हापुरात देवाच्या पालखीखालोखाल लोक कुणाला आपणहून वाट देत असतील, तर ती आमच्या थोरल्या साडूंना. एरवी या गावात रस्त्यात आडव्या लावलेल्या मोटारसायकलीला हात लावायची सोय नाही. पण साडू गळ्यात कॅमेरा अडकवून मंगळवार पेठेतून निघाले की लोक गाड्या बाजूला घेतात, चाललेली भांडणं थांबवतात आणि ओळखदेख नसताना, "पावणं, जरा थांबा की," म्हणून हाक घालतात. कुणाला आपलं लग्न आठवतं, कुणाला वारलेले वडील. "ह्यात रोल मिळतोय व्हय अजून?" हा प्रश्न तर दर कोपऱ्यावर ठरलेला. एकदा विनाहेल्मेट स्कूटरवरून जाताना साडूंना पोलिसाने अडवलं. आता पावती फाटणार म्हणून मी मागे बसून खिसा चाचपत होतो, तर पोलिसाची नजर कॅमेऱ्यावर गेली. त्याने पट्टा सारखा केला, पोट आत घेतलं आणि म्हणाला, "आमच्या आबांचा फोटू असल्याच क्यामेऱ्यात काढल्याला हाय. माझाबी एक काढा."

गंमत अशी की हा कॅमेरा जुना मुळीच नाही. साडू निवृत्त झाले तेव्हा पुण्याच्या लेकीने तो कोरा करकरीत आणून दिला. वरून चंदेरी पत्रा, अंगाला काळं चामडं, गोल गोल चकत्या, सगळा थाट आजोबांच्या काळातला. पोटात मात्र मोबाइलसारखीच यंत्रणा. रोलबिल काही नाही, मागे चित्र दिसायला काच. सुरुवातीला साडू ते लपवत नसत. पण एका गृहस्थांनी हा कॅमेरा हातात घेऊन आपल्या मुंजीच्या फोटोची सगळी हकिकत सांगितली आणि शेवटी उलटा करून पाहिला. "हात्तिच्या, मोबाइलच की ह्यो," म्हणून ते असे काही निघून गेले, जणू साडूंनी त्यांना फसवून बिनमिठाचा तांबडा रस्सा वाढला होता. साडूंना ते फार लागलं. त्याच संध्याकाळी त्यांनी मागच्या काचेला काळी पट्टी चिकटवली. तेव्हापासून फोटो काढला की ते स्टुडिओवाल्यासारखे "चार दिवसांनी या" म्हणतात आणि लोक खरोखर येतात. मी टोमणा मारला, तर म्हणाले, "पावणं, मोबाइल फुडं धरला की माणूस तोंड वाकडं करतोय. ह्यो धरला की शर्टाची बटणं लावतोय. ही बटणं बघायला मी हिंडतोय, फोटोचं काय घिऊन बसलाय?"

गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर आम्ही दोघं संध्याकाळी जातो. तिथे म्हशी उभ्या असतात आणि धार आपल्यादेखत पेल्यात पडते. कट्ट्याच्या एका टोकाला एक म्हातारे म्हैस घेऊन बसत, दुसऱ्या टोकाला त्यांचा सख्खा धाकटा भाऊ. थोरल्याने धाकट्याला न विचारता घरची म्हैस मलकापूरच्या बाजारात विकली, त्यावरून बोलणं बंद झालेलं. इतकी वर्षं, की दोघांची नातवंडं लग्नाला आली. साडूंना याची फार हळहळ. त्यांचा स्वतःचा भाऊ लहानपणीच गेला, त्यामुळे असलेला भाऊ वाया घालवणारी माणसं त्यांना बघवत नाहीत.

मागल्या थंडीत एके दिवशी कॅमेरा बघून धाकटे म्हणाले, "माझा एक काढा की." ते ऐकून थोरले तिकडच्या टोकाहून ओरडले, "त्येच्या आदी माझा काढा. वयानं मी थोरला हाय." साडूंनी गंभीर चेहऱ्याने एक चकती फिरवली आणि मान हलवली.

"अडचण झाली. रोलात एकच ऱ्हायलाय."

मग थोरले म्हशीकडे बघत म्हणाले, "त्येला म्हणावं, तू काढ." धाकटेही म्हशीलाच म्हणाले, "नगं. त्येलाच हौस हाय." साडू म्हणाले, "एकाचा काढून दुसऱ्याचा तळतळाट मी घेणार न्हाई. उजेड चाललाय. ऱ्हायचं तर दोघं उभं ऱ्हावा, न्हाईतर रोल जाऊ द्या वाया."

आता रोलमधला फोटो वाया घालवणं म्हणजे त्या पिढीला ताटात अन्न टाकण्याइतकं पाप. दोघं उठले. टोप्या सारख्या केल्या, बटणं लावली आणि मध्ये एक म्हैस मावेल एवढं अंतर ठेवून उभे राहिले. "सरका की, मावंना झालाय," साडू ओरडले. थोरल्यांनी हळूच धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवला. धाकट्यांनी तो झटकला नाही. दोघांनी श्वास रोखला, साडूंनी कळ दाबली आणि नेमके त्याच वेळी थोरल्यांचे डोळे मिटले.

परतताना मी म्हटलं, "अहो, आणखी एक काढायचा. हजार मावतात त्यात."

"दुसरा निघतोय म्हटल्यावर ती पयल्याला तरी उभं ऱ्हायली असती व्हय?"

फोटो दोन्ही घरांत लागला आणि म्हशी शेजारीशेजारी आल्या. "एकच फोटो, त्यात बी झोपला," असं धाकटे रोज चिडवत आणि थोरले, "तुजं तोंड बघवंना, म्हणून मिटलं डोळं," असं उत्तर देत. मग दोघं साडूंना विचारत, "नवा रोल कवा घालताय?" साडू म्हणत, "मुंबईला सांगून ठेवलंय." मला बाजूला घेऊन सांगत, एकच आहे तोवर त्याला किंमत आहे. मला ते पटायचं. वर्षभर दोघं त्या एका फोटोवरून सुखाने भांडत राहिले.

या थंडीत थोरले गेले. आम्ही धाकट्यांच्या घरी भेटायला गेलो. भिंतीवर तोच फोटो होता. जित्या माणसाच्या फोटोला हार घालायचा नसतो, म्हणून घरच्या बायकांनी हार अर्ध्यातच दुमडून थोरल्यांच्या बाजूला खिळ्याला अडकवला होता. धाकटे त्याखाली बसले होते, हार नसलेल्या बाजूला.

"त्येचा निराळा न्हाईच कुठं," ते म्हणाले. मग फोटोकडे बघत बसले. "तवा तुमच्याकडं आणि एक रोल असता तर लई बरं झालं असतं. डोळं उघडं पायजे हुतं त्येचं."

साडूंच्या गळ्यात कॅमेरा होताच. त्यात त्या दिवशीही जागा होती आणि नंतर वर्षभरही. त्यांनी दोन्ही हातांनी तो झाकून धरला. काही तरी सांगायला तोंड उघडलं आणि माझ्याकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा मला त्यांची कीव आली.

"मिळंना झाल्ता ओ रोल," ते कसेबसे म्हणाले आणि त्यांचे डोळे भरून आले.

"ऱ्हाऊ द्या, तुमी तरी काय करणार," म्हणत धाकट्यांनीच त्यांच्या पाठीवरून हात फिरवला.