चालू केलीस तर तुझी

अण्णांची व्हॅन कव्हर घालून पार्किंगला पडून होती, तोवर तिची कुणाला आठवणही नव्हती. आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, आयुष्यभर त्याच गाडीतून तुर्भ्याच्या मार्केटातली भाजी हॉटेलांना पोचवायचे. मग त्यांचे गुडघे गेले आणि गाडीनेही मान टाकली. सेल्फ मारला की चालू व्हायची, थोडी घरघरायची, कार्बोरेटरमधून पेट्रोल ओसंडायचं, काळा धूर निघायचा आणि बंद. अख्ख्या सोसायटीत वास. सेक्रेटरी येऊन सुनावून जायचे.

नवऱ्याशी फाटलं म्हणून मी तेव्हा कोपरखैरण्याला माहेरी परत आले होते आणि रबाळ्याच्या एका कारखान्यात दुपारचे डबे पोचवत होते. रिक्षाने. एवढे डबे बघितले की रिक्षावाला तोंड फिरवायचा, आणि जो थांबायचा तो असा हाणायचा की आमटी पिशवीत. कारखान्याच्या सुपरवायझरने बजावलं होतं, परत उशीर झाला तर दुसरी बाई बघतो. गाडी असती तर शेजारच्या कारखान्याचीही ऑर्डर मिळाली असती, आणि स्वतःची खोली घेता आली असती. दर रविवारी भावजयीचे टोमणे आणि रोज उठून अण्णांचे सुस्कारे ऐकायला नको. म्हणून एकदा जेवताना मी गाडी मागितली. अण्णा भाकरी मोडत हसले.

"चालू केलीस तर तुझी," म्हणाले.

बाप बोलला म्हणजे बोलला, असं मी धरून चालले.

बॉनेट उघडलं की पार्किंगात फुकटचे डॉक्टर गोळा व्हायचे. पंप बदला, कार्बोरेटर बदला, भंगारात घाला. एकजण तर मला बाजूला व्हायला सांगत होता, म्हणे ताई, कपड्यांना ग्रीस लागेल. अरे बाबा, लहानपणी अण्णा गाडीखाली शिरले की टॉर्च धरायला मीच असायचे. आमच्या दादाला गाडीत बसलं की उलट्या व्हायच्या. त्याला बॉनेट कुठून उघडतं ते अजून सांगावं लागतं.

बोनकोड्याच्या मेकॅनिकने आधी कार्बोरेटरमधली निडल बदलली, मग पंप नवा घातला. पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. शेवटी मी त्याच्याकडून प्रेशरचा गेज मागून आणला आणि पंप आणि कार्बोरेटरच्या मधे जोडला. असल्या इंजिनाला तीनच्या आसपास प्रेशर पुरतं. काटा सातवर. गेजच खोटा असेल म्हणून दुसरा आणला, तोही सात. मेकॅनिक म्हणाला, पंप डुप्लिकेट निघाला, अजून एक घालू. त्याच्या बापाचं काय जातंय.

पण जुन्या पंपाने पेट्रोल ओसंडत होतं, नव्यानेही तेच. मग दोष पंपात कसा? पोळ्या लाटताना डोक्यात तेच चालू असायचं. या गाडीत पंपाला नको असलेलं पेट्रोल एका बारीक पाइपने टाकीत परत जातं. ते परत जातच नसेल तर? दुसऱ्या दिवशी मी तो पाइप पंपापासून सोडवला, त्या जागी रबरी नळी लावून बाटलीत सोडली आणि गाडी चालू केली. काटा तीनवर येऊन थांबला. पाइप परत जोडला, काटा सातवर चढला. म्हणजे पाइपच तुंबलेला.

गोणपाट टाकून गाडीखाली शिरले. गंजलेल्या तळाला पत्र्याचं ठिगळ होतं, आणि ते मारताना वेल्डिंगवाल्याने पाइप त्याच्याखाली दाबून पार चपटा केला होता. हे ठिगळ अण्णांनी स्वतः उभं राहून मारून घेतलेलं. मी नवा पाइप बाजूने फिरवून नेला, आणि काटा तीनवरून हलेना. वर जाऊन सांगितलं तर अण्णा "असेल" एवढंच म्हणाले. शाबासकी राहू दे, हात धुतलेस का म्हणून तरी विचारायचं.

त्या आठवड्यात डबे वेळेवर गेले. आमटी आमटीच्या डब्यात राहिली. शेजारच्या कारखान्याला मी हो म्हणूनही आले.

रविवारी दादा आणि वहिनी घणसोलीहून जेवायला आले. मटण मीच केलं. जेवणं झाल्यावर अण्णांनी बघू जरा म्हणून माझ्याकडून किल्ली घेतली आणि दादाच्या हातात ठेवली. म्हणाले, तुझ्या वहिनीला कपड्यांचं दुकान काढायचंय, माल आणायला गाडी लागणार, तुझं काय, रिक्षाने भागतंय की. दादा माझ्याकडे न बघता चपला घालून खाली गेला. वहिनीने मोबाइल काढला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हातातली कढई मी मोरीत आपटली.

"अण्णा, चालू केली तर माझी, असं तुम्हीच म्हणाला होता."

अण्णांनी बडीशेप तोंडात टाकली. रागावले नाहीत, ओशाळलेही नाहीत.

"म्हटलं होतं की," ते म्हणाले. "पण तू खरंच चालू करशील असं कुणाला वाटलं होतं?"

खाली दादाने सेल्फ मारला. गाडी पहिल्याच फटक्यात चालू झाली.