यंत्रांचा मुऱ्हाळी

लोटननाना सकाळी वर्कशॉपात आले, की टोपी सारखी करून आधी संगणकापुढे पाण्याचा तांब्या ठेवत. दारी आलेल्याला पाणी द्यायचं, ही त्यांच्या गावची, रनाळ्याची रीत. संगणक पाणी पीत नाही हे त्यांना ठाऊक होतं, पण रीत ती रीत. "नाना, एखाद्या दिवशी सांडेल," असं मी रोज बजावायचो. एके दिवशी सांडलंच, माझ्याच कोपराने. कीबोर्ड मी मिरच्यांच्या शेजारी वाळत घातला. त्यानंतर बरेच दिवस टायपिंग केल्यावर डोळ्याला हात लावायची सोय नव्हती.

नंदुरबारच्या एका मिरची पावडरच्या कारखान्यातली ही गोष्ट. बड्या गिऱ्हाइकाने शेठजींना अट घातली होती, की यंत्रांची देखभाल संगणकावर दिसली पाहिजे. कुठल्या यंत्राचं तेलपाणी कधी, केलं कोणी, राहिलं काय, सगळं. ते बसवायला शेठजींनी मला नाशिकहून आणलं. नाना तिथले फोरमन. काटक अंगाचे, भुवया कायम तिखटाने लाल. जुना माणूस, संगणकाला आडवा जाणार, असं धरून मी भलं मोठं भाषण तयार करून आणलं होतं. दुसऱ्याच वाक्याला मला मिरचीची शिंक आली, ती थांबेचना, आणि तेवढ्यात नानांनी विषय आटोपला.

"सायेब, मशीन म्हनजे सासुरवाशीन. रोज दयस, रोज कांडस. वरीसमा एक डाव तरी तिले माहेरले धाडनं पडस. आन् हाऊ तुमना डबा म्हनजे मुराई शे. तारीख उनी का दारमा हुभा!"

मुराई म्हणजे मुऱ्हाळी, सासरी रोज दळणकांडण करणाऱ्या लेकीला माहेरी न्यायला येणारा. माझं भाषण घडी होऊन खिशात गेलं.

तेव्हापासून संगणकाची घंटी वाजली, की नाना "हौ भो, उनू!", म्हणजे 'हो भाऊ, आलो', म्हणत उठायचे. काम झालं की शेरा लिहायचा असे. 'बेअरिंग बदलले' एवढं पुरे होतं. नाना एका बोटाने अक्षरं शोधत लिहीत, 'दोन नंबरनी चक्कीले नवी जोडवी घाली. रडे, आते गाना म्हनस.' शेठजी असे शेरे पेढीवर बसून गिऱ्हाइकांना वाचून दाखवत.

आता माझा पराक्रम. प्रत्येक चक्कीची वर्षातून एकदा मोठी तपासणी असते. त्या वेगवेगळ्या दिवशी याव्यात, म्हणून पहिल्या तारखा वेगवेगळ्या टाकायच्या असतात. मी पहिल्या ओळीत एक तारीख टाकली आणि तीच तळापर्यंत ओढत नेली. काम चुटकीसरशी झालं म्हणून स्वतःची पाठही थोपटून घेतली. वर्ष फिरलं आणि सगळा कारखाना एकाच दिवशी माहेरी निघाला. तो दिवस नेमका अखाजीचा, म्हणजे अक्षय्यतृतीयेचा. कारखान्याला सुट्टी, फिटर आपापल्या गावी. दुसऱ्याच दिवशी गिऱ्हाइकाचे तपासनीस येणार आणि त्यांना पडद्यावर एकही काम लाल, म्हणजे राहिलेलं, दिसता कामा नये.

आदल्या दिवशी नानांनी यादी पाहिली आणि खोकला लागेस्तोवर हसले. "बठ्ठ्या पोरी एकच दिन माहेरले? आन् मी येकला मुराई!" मग टोपी सारखी करत म्हणाले, "मन्ही रत्ना वाट देखी ऱ्हायनी, सायेब."

रत्ना त्यांची एकुलती लेक, शहाद्याकडे दिलेली. खानदेशात अखाजीला लेकी माहेरी येतात, झोके घेतात. पण ऐन हंगामात चक्क्या बंद असणारा तो एकच दिवस, म्हणून नाना दरवर्षी काही ना काही खोलून बसत आणि रत्नाला आणायला पुतण्याला धाडत. यंदा तिने निरोप पाठवला होता, की बाप आला तरच येईन, नाहीतर माझं माहेर संपलं.

तारखा पसरून टाकणं माझ्या हातात होतं. पण कोणी काय बदललं, हे संगणक लगेच शेठजींना कळवायचा. ती सोय मीच मोठ्या हौसेने चालू केली होती! तेव्हा मी शौर्याचा मार्ग धरला. "नाना, तुम्ही इथलं बघा. रत्नाताईंना मी घेऊन येतो."

अखाजीला शेठजींची जीप आणि ड्रायव्हर घेऊन मी रत्नाच्या सासरच्या दारात उभा राहिलो. तिच्या सासूबाईंनी विचारलं, "तुम्हीन कोन?"

"मी... मेंटेनन्सचा."

"आमनं काही बिघडेल नही, भाऊ."

तरी त्यांनी बसवलं, आमरस वाढला. रत्ना दाराशी येऊन उभी राहिली. "नाना का नही उनात?"

"चक्क्यांची तपासणी निघाली."

"कितल्या?"

"सगळ्याच."

"बठ्ठ्या एकच दिन बिघडन्यात?"

"बिघडल्या नाहीत. तारीख आली."

"तारीख कोनी टाकी?"

मी आमरसाच्या वाटीत पाहिलं. "मी."

सासूबाईंनी हसू दाबायला पदर तोंडाला लावला. रत्ना हसली नाही. "मन्ही बी तारीख व्हती, भाऊ. दरसाल पुढे ढकलाई गयी. तुमना डबामा मन्हं नाव नही ना!" तिने सांजोऱ्यांचा डबा माझ्या हाती दिला आणि ती आत निघून गेली.

परतताना तापीवर, प्रकाशा गावच्या पुलाशी जीप थांबवायला सांगून मी शेठजींना फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं. पलीकडून शेठजी म्हणाले, "अरे भई, तारीखच ना? मशीन तर नाही ना तुटली? मग बदलून टाका!" झालं. एवढ्यासाठी माझी झोप उडाली होती.

कारखान्यात नाना नखशिखान्त लाल होऊन उघड्या चक्कीपाशी बसले होते. त्यांनी जीपची मागची रिकामी सीट पाहिली.

"जेवाडं का तुमले?"

"आमरस. दोनदा."

"मंग राग मन्हावरच शे."

"नाना, मी तारखा बदलतोय. खोललेली ही एकच चक्की बाकी राहील. तुम्ही निघा."

"हिले उघडी टाकीसन?"

"मी बंद करतो."

नानांनी चक्कीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. स्थळ पसंत नसताना बाप जावयाकडे बघतो, तसं. तरीही उठले आणि आंघोळ न करता, होते तसेच जीपमध्ये बसले.

पुढचं मला ड्रायव्हरकडून कळलं. नाना दारात पोचताच अख्ख्या घराला शिंका लागल्या. रत्नाने बापाला बोलायला तोंड उघडलं, तर तिलाही शिंकच आली. शिंकता शिंकता राग धरून ठेवणं कुणाला जमलंय?

दुसऱ्या दिवशी सकाळी तपासनीस पडद्यापुढे उभे राहिले. एकच ओळ लाल होती आणि तिच्या कारणाच्या रकान्यात मी लिहिलं होतं, 'फोरमन लेकीला आणायला गेले.'

"हे कारण तुमच्या यादीत नाही."

"आता टाकतो, साहेब."

ते म्हणाले, ती चक्की दाखवा. आम्ही गेलो. आदल्या दिवशी मी घाम गाळून बंद केलेली चक्की नाना पुन्हा खोलत होते. शेजारी रत्ना उकिडवी बसून त्यांच्या हाती एकेक पाना देत होती. माझ्या जोडणीतून उरलेले बोल्ट तिने ओंजळीत धरून मला दाखवले.

"सायेब," नाना मान वर न करता म्हणाले, "तुम्हीन तारखाच टाका. पाना ऱ्हाऊ द्या."

"आन् तारीख टाकाना पहिले," रत्ना म्हणाली, "माले इचारत जा."