मिस्त्रींचं अमेरिकेतलं गाव

सौदीतल्या जुबैलच्या आमच्या अख्ख्या कॅम्पात अमेरिकेतल्या एका गावाची काळजी वाहणारे एकच गृहस्थ होते, आणि ते गुहागरकडचे पाइपफिटर होते. अमेरिका त्यांनी पाहिली नव्हती आणि तसा दावाही कधी केला नाही. तरी त्या दिवसांतले आमचे लोक भेटले की अजून म्हणतात, मिस्त्री थापाडे होते. त्या हसण्यात माझाच आवाज मोठा असायचा. ते आता बोचतं, म्हणून ही दुरुस्ती मीच केलेली बरी.

ते गाव आमच्या म्हाताऱ्या अमेरिकन इन्स्पेक्टरचं. जेवणाच्या सुट्टीत तो मोडक्यातोडक्या हिंदीत गावाच्या गोष्टी सांगायचा आणि संध्याकाळी आमच्या खोलीत मिस्त्री त्याच गोष्टींचं कीर्तन लावायचे. आधी नदीकाठचं जंगल, मग लाकडाची गिरणी, मग रेल्वे, मग खुर्च्यांचा कारखाना. गावाची श्रीमंती ते न्हाव्यांवरून मोजायचे. गिरणीच्या भरात तीन न्हावी होते, कारखाना गेल्यावर एक उरला, आणि तोही फक्त शनिवारी. आम्ही क्रिकेट बघत असलो की मागून उसासा यायचा, "रेल्वे गेली नि तिथंच गाव बसलं." शाळा बंद झाल्याचं कळलं त्या दिवशी त्यांनी सुरमईला हात लावला नाही. आम्ही जड अंतःकरणाने त्यांचा वाटाही संपवला.

पुढे इन्स्पेक्टर निवृत्तीला आला आणि म्हणाला, वडिलांचं घर विकून शहरात राहणार. एवढ्या मोठ्या गोष्टीला साहेबाची हिंदी पुरायची नाही, म्हणून मिस्त्रींनी मला दुभाषा म्हणून ओढतच त्याच्या केबिनमध्ये नेलं.

"सायबाला सांगा, घर विकायचं नाय. चावी शेजाऱ्याकडं ठेवायची नि शिमग्याला येऊन दार उघडायचं. पालखी आली नि दारं बंद, मग गाव कसलं?"

शिमगा मी इंग्रजीत कसाबसा बसवला. साहेब म्हणाला, आमच्याकडे पालखी नसते.

मिस्त्रींनी विचारलं, "मिरवणूक तरी असंल?"

जुलैत निघते, स्वातंत्र्यदिनाला, साहेब म्हणाला. पुढे बँड, मागे आगीचा बंब.

"मग बंबाला ओवाळ म्हणावं."

पुढच्या जुलैत साहेबाचा फोन आला. घर विकलं नव्हतं. त्याने दार उघडलं, बंबावरच्या मंडळींना लिंबू सरबत पाजलं, आणि ते बघून गल्लीतल्या आणखी दोन बंद घरांचे मालक पुढल्या वर्षी यायचं म्हणताहेत. मिस्त्रींनी कॅम्पभर मिठाई वाटली.

त्यांचं स्वतःचं घर आई गेल्यापासून बंद होतं. दुरुस्तीसाठी प्लँटचं शटडाऊन दरवर्षी नेमकं फाल्गुनात यायचं आणि तेव्हा रजा कुणालाच मिळत नसे. मी विचारलं, तुमच्या दाराशी पालखी थांबते का हो?

"थांबते तर. शेजारी नारळ देतो," ते म्हणाले, आणि मिठाईचा खोका पुन्हा एकदा फिरवायला उठले.