बंद स्पिंडल

कुणी भुताखेताचं सांगायला लागलं की मी सरळ चहाला उठून जायचो. मशीनवरचा माणूस मी... मोजता येत नाही ते मानायचं नाही, असा आपला खाक्या. भुतं मी आजही मानत नाही. पण ही एक गोष्ट मात्र घशात अडकून बसली आहे.

सन चौऱ्याऐंशी. साजगावच्या एका कारखान्यात मी आणि माझा थोरला भाऊ — दादा — एकाच एन्ग्रेव्हिंग मशीनवर होतो. स्टीलच्या पट्ट्यांवर अक्षरं कोरायचं काम. कोरणारं टूल ज्यात फिरतं तो स्पिंडल, मिनिटाला वीस हजार फेऱ्यांचा, म्हणजे दादाचा जीव की प्राण. स्क्रू ड्रायव्हरचं टोक स्पिंडलला टेकवून मूठ कानाला लावली, की आतलं बेअरिंग कसं चाललंय ते त्याला कळायचं. नवं बेअरिंग एकदम पळवलं तर तापून जळतं, वेग टप्प्याटप्प्यानं वाढवावा लागतो. "घाई नको रं. हळूहळू वाढव," म्हणायचा आणि दिवसभर शेजारी बसून राहायचा.

त्या उन्हाळ्यात काविळीनं दादा गेला. नंतर मी रोज तसाच कान लावायचो. बेअरिंगसाठी नाही... खोटं कशाला बोलू, त्याचा आवाज यावा म्हणून. नुसती घरघर यायची.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मी नवं बेअरिंग घातलं. पूजेसाठी मशीन पुसून ठेवायची गडबड होती. स्पिंडल थेट पूर्ण वेगात सोडला, थोड्या वेळानं बंद केला. शेडमध्ये मी एकटाच होतो.

पूजेला सगळ्यांच्या घरची माणसं येतात, तशी पोशीरहून वहिनी आली. मेन स्विच बंद, मशीनवर झेंडूची माळ. ती म्हणाली, "भावजी, हे कान कसा लावायचे, दावा की मला."

मी स्क्रू ड्रायव्हर टेकवून मूठ तिच्या हातात दिली. तिनं ती कानाला दाबून धरली. मग म्हणाली, "हळूहळू वाढवायचं होतंस, म्हनतात हे. काय वो वाढवायचं?"

मी मूठ तिच्या हातातून ओढून घेतली. मी कान लावला. काहीच नाही... बंद लोखंड.

सुट्टीनंतर स्पिंडल उघडला. बेअरिंग जळून निळं पडलं होतं. दादा घरी कामाचं बोलत असेलही, पण माझी आदल्या दिवशीची चूक वहिनीला कोण सांगणार?

नोकरी संपेपर्यंत प्रत्येक नवं बेअरिंग मी हळूहळू वाढवत चालवलं, दिवसभर कान लावून. एकदाही दादाचा आवाज आला नाही.

वहिनीला एकदा विचारलं, आवाज कसा होता? "रागावलेला नव्हता," एवढंच म्हणाली.

मला तो रागावलेला का होईना, एकदा ऐकायचा होता.