आधी आपल्या घरचा मेन स्विच

दर रविवारी न्याहारी आटोपली की सिग्नेट गावची मर्ल टिब्स रेडिओवर हजेरी घ्यायची. टास्मानियाभरचे हौशी रेडिओवाले आपापल्या घरून ‘हजर’ म्हणत आणि सगळ्यांत शेवटी समुद्रापलीकडच्या स्ट्युअर्ट बेटावरून नायरीचा बारीक आवाज यायचा. दोघींची मैत्री तरुणपणापासूनची, पण सगळी हवेतली. भेट कधीच नाही.

“फोन कर की तिला!” नवरा क्लॅरी मागून ओरडायचा, तेही सगळ्यांना ऐकू जायचं.

“फोन काय, कुणीही करतं,” मर्ल फणकारायची.

एकदा रेडिओत अशी खरखर शिरली की नायरी पार बुडाली. मर्लने ओळखलं, कुणीतरी घरातल्या विजेच्या तारांतूनच इंटरनेट नेणाऱ्या डब्या प्लगला लावल्यात. मग त्या ताराच एरियल होतात आणि रेडिओचा जीव घेतात. छोटा रेडिओ कानाला लावून ती गल्लीभर फिरली. शेजारच्या मिसेस पिबल्सच्या माशांच्या टाकीचा पंपही बंद करायला लावला बयेने. डब्या काही सापडेनात. नायरीवाचून रविवार तिला खायला उठायचा.

शेवटी हजेरीतच तिने गाऱ्हाणं मांडलं. लॉन्सेस्टनचा वॉली खिदळला, “मर्ल, नवशिक्यांना काय शिकवतेस गं? आधी आपल्या घरचा मेन स्विच!”

“माझ्या घरात तसलं काही नाही!” मर्ल कडाडली. तरी रेडिओ बॅटरीवर घेऊन तिने खटका पाडला.

खरखर गप्प.

“मर्ल? अगं, किती हाका मारतेय मी!” नायरीच ती.

तेवढ्यात परसातल्या शेडमधून क्लॅरी ओरडला, “वीज कुणी घालवली?”

काखेत कळसा नि गावाला वळसा! मर्ल तरातरा शेडमध्ये गेली. डबी तिथेच होती, कॉम्प्युटरशेजारी; जोडीची दुसरी त्याने घरातच कपाटामागे दडवलेली.

“परीक्षेचा सराव करत होतो गं,” क्लॅरी पुटपुटला. “रेडिओच्या लायसन्सच्या.”

“जन्मभर माझी टिंगल केलीस, आणि आता परीक्षा?”

“म्हणून तर लपून.”

मर्लने दोन्ही डब्या काढल्या आणि शेडपर्यंत स्वतः साधी केबल पुरून दिली.

पुढे एका रविवारी नायरीनंतर आणखी एक आवाज आला. “क्लॅरी टिब्स, हजर.”

परसातूनच आलेल्या त्या जोरदार आवाजाने स्पीकर थरथरला. “नवीन स्टेशन, पॉवर कमी करा,” मर्लने दटावलं आणि बोलायचं बटण सोडून ती हसता हसता रडली. एवढा आनंद तिला कधी झाला नव्हता.

“अगं, शेडमध्येच आहे ना तो?” नायरी म्हणाली. “फोन कर की त्याला!”

मर्लने डोळे पुसून बटण दाबलं. “फोन काय, कुणीही करतं.”