‘मे’ लिहिलेल्या नळ्या

आमचे सर तंजावरकडचे मराठी. पिढ्यान्‌पिढ्या घरात जपलेलं त्यांचं मराठी तमिळमध्ये इतकं मुरलेलं होतं, की सुरुवातीला मला ते निम्मंच कळायचं. मी साताऱ्याची, नवऱ्याची बदली झाली म्हणून चेन्नईत आलेली. मुलाखतीत माझं आडनाव वाचून त्यांचा चेहरा खुलला. “अम्च्यातलीच कीं गं तू,” ते म्हणाले. त्या एका वाक्यावर मी अड्यारच्या त्या प्रयोगशाळेत बिनतक्रार राबले, याचा मला आजही संताप येतो.

शहराच्या दक्षिणेला मिठागरं आहेत. मिठाच्या थराखालच्या गाळात जिवाणू जगतात का, हे आम्ही शोधत होतो. त्यासाठी गाळात एक रंग मिसळायचा. तो जिवाणूंच्या डीएनएला चिकटतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली हिरवा चमकतो. गोम अशी, की तो चिकणमातीच्या कणांनाही चिकटतो आणि तेही तसेच चमकतात. म्हणून प्रत्येक नमुन्यातला थोडा गाळ आधी भट्टीत भाजून घ्यायचा. भाजल्यावर त्यात जीव म्हणून काही उरत नाही, तरी जे चमकतं ती निव्वळ माती. जिवंत गाळाच्या चमकीतून ही चमक वजा केली, की उरला तर जीव उरतो.

चिखलात उतरायचं काम माझं. सर मिठागरावर कधी आलेच नाहीत. उन्हानं डोकं धरायचं, मिठानं टाचा फुटायच्या, आणि परत येऊन नळ्या भरायच्या. नळ्यांवर मी देवनागरीत लिहायची. इंग्रजीत लिहिलं की शेजारच्या टेबलावरचे लोक आपल्याच समजून उचलायचे. मराठी अक्षरांना कुणी हात लावत नसे. साध्या गाळावर मी महिना लिहायची, मार्च किंवा एप्रिल. भाजलेल्या गाळाच्या नळ्यांवर लिहायची ‘मे’. मे म्हणजे मेलेला. इवल्याशा नळीवर आणखी काय मावणार?

मे महिन्यात आईचं ऑपरेशन होतं म्हणून मी साताऱ्याला गेले. रजा सरांनीच मंजूर केली होती. परत आले तेव्हा प्रयोगशाळेच्या दारावर सरांच्या व्याख्यानाची सूचना लागलेली. मिठागरांच्या गाळात जीव सापडला, आणि शोधून काढला त्यांनी. माझं नाव कुठेच नव्हतं. संस्थेत एक कायमची जागा भरायची होती, आणि मीही तिच्यासाठी अर्ज केला होता. ती कुणाला द्यायची हे याच शोधावर ठरणार होतं, आणि हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं.

मी विचारायला गेले. त्यांनी मायेनं कॉफी मागवली. “नाव काय गं, नंतर घालूं. अम्ही तुम्ही परके आहोंत कीं?” ते म्हणाले आणि कौतुकानं लॅपटॉप माझ्याकडे वळवला. पडदाभर हिरवे ठिपके लखलखत होते. वर इंग्रजीत लिहिलं होतं: मे महिन्यातला गाळ. मार्च आणि एप्रिलमध्ये, मी मातीची चमक वजा केल्यावर उरलेले ठिपके तुरळक, मेमध्ये मात्र काहीच वजा न करता नुसती दिवाळी. त्यावरून सरांनी सिद्धान्तही बांधला होता, की कडक उन्हाळ्यात मीठ दाट झालं की हे जिवाणू फोफावतात.

माझी कॉफी तोंडातच राहिली. माझ्यामागे माझ्या नळ्या काढून, आपल्याला देवनागरी येते या तोऱ्यात त्यांनी ‘मे’ वाचलं होतं आणि भट्टीतून निघालेल्या मातीचे फोटो काढले होते. मराठी न येणारा कुणी तमिळ माणूस असता तर त्यानं निदान मला फोन करून विचारलं असतं. मे महिनाभर मी साताऱ्यात होते, हेही त्यांच्या लक्षात नव्हतं.

“कसं आलंय?” त्यांनी विचारलं.

“फोटो फार स्पष्ट आलेत,” मी म्हणाले. ते खरंच होतं. त्या आठवड्यात मला फार छान झोप लागली. सांगावं, असं एकदाही वाटलं नाही. रोज त्यांना नमस्कार करताना आतून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

व्याख्यान शहरातल्याच गिंडी भागात होतं. सभागृह भरलेलं, पुढच्या रांगेत बाहेरगावचे पाहुणे. सर सुरेख बोलले. शेवटी एका पाहुण्या बाईंनी विचारलं, मेमधले नमुने नेमके कुठल्या तारखेला घेतले? त्याच आठवड्यात पाऊस झाला असेल तर सगळंच बदलतं. सरांनी हसून माझ्याकडे हात केला. तारखा हिला विचारा, म्हणाले.

मी उभी राहिले आणि मुद्दाम मराठीत बोलले. “सर, मे म्हणजे मेलेला. तो भट्टीत भाजलेला गाळ आहे.”

सभागृहात ते फक्त त्यांनाच कळलं. मला तेच हवं होतं. त्यांनी स्वतःच्या तोंडानं सांगावं अशी माझी इच्छा होती. त्यांचा हात टेबलाच्या कडेला गेला. पाहुण्या बाईंनी विचारलं, काय म्हणाली ती? सर घोटभर पाणी प्यायले आणि इंग्रजीत म्हणाले, “ती म्हणते, मेच्या पहिल्या आठवड्यात.”

मग मी चालत पुढे गेले, माइक हातात घेतला आणि तेच इंग्रजीत सांगितलं. कुणी राहू नये म्हणून मोडक्यातोडक्या तमिळमध्येही सांगितलं. कुणी हसलं नाही. पाहुण्या बाईंनी चष्मा काढून ठेवला आणि पडद्यावरचे ते हिरवे ठिपके बराच वेळ तसेच चमकत राहिले.

नंतर ते मला जिन्यात भेटले. रागावलेले नव्हते, नुसता चेहरा पडलेला होता. “घरांत सांगायचं होतं कीं गं,” ते म्हणाले. “अपली चूक अशी चारचौघांत सांगतात?”

“माझं नाव घातलं असतंत तर ती आपली चूक झाली असती, सर,” मी म्हणाले. “आता ती तुमची एकट्याची आहे.”

“सरि,” ते तमिळमध्ये म्हणाले, म्हणजे बरं, आणि कठड्याला धरून खाली उतरले. मला त्यांची कीव आली नाही.